मुक्काम सोलापूर, पोस्ट पुंडलिकनगर

लांबचा प्रवास करून आलं की लोक हमखास विचारतात, "सगळ्यात आवडलेलं ठिकाण कोणतं?" मी "गोकर्ण" असं सांगून टाकतो. ते ऐकून समोरचा समाधानाने मान हलवतो आणि पुढे काही विचारत नाही. खरं उत्तर द्यायचं तर आमच्याच शहरातल्या बीड बायपासवरचं एका मंगल कार्यालयाचं आवार आणि तिथून दोन किलोमीटरवर असलेलं आमचं स्वतःचं घर, असं सांगावं लागेल. मग तिथं का गेलात, कसे गेलात, हेल्मेट का घातलं होतं, हे सगळंच सांगावं लागेल. आता प्रवास संपून बरेच दिवस झाले आहेत आणि जी काही अब्रू जायची होती ती गेलेली आहे, म्हणून सांगतो.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. चौतीस वर्षं धरणांचे, कालव्यांचे आणि दरवाजांचे नकाशे काढले. इंजिनियर लोक पाणी जमिनीवर अडवायचे, मी ते कागदावर अडवायचो. निवृत्त झाल्यावर एका शाळेची जुनी बस घेतली. आतली बाकडी काढून पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली, छतावर सोलर पॅनेल लावलं आणि बाहेरून पिवळ्यावर पांढरा रंग दिला. मी तिला 'फिरतं घर' म्हणायचो. सुमन, माझी बायको, तिला पहिल्या दिवसापासून 'ती बस' म्हणते.

साठ दिवसांचा मार्ग मी दोन महिने बसून आखला होता. खाली कोकण, गोवा, कर्नाटक करून सोलापूरवरून वर यायचं आणि मग माळवा, राजस्थान, गुजरात असा फेरा मारून परत. नकाशावर त्याचा इंग्रजी आठचा आकडा होत होता आणि दोन्ही वर्तुळं जिथं एकमेकांना छेदत होती, तिथं आमचं छत्रपती संभाजीनगर होतं. आकृती इतकी देखणी जमली होती, की प्रवासाच्या मध्यावर स्वतःच्याच गावातून जाताना करायचं काय, हा प्रश्न मला पडलाच नाही. तो सुमनला पडला. मी म्हणालो, "करायचं काय? पुढं जायचं."

निघताना गल्लीने आम्हाला थाटात निरोप दिला. समोरच्या जाधववहिनींनी ओवाळलं आणि हातावर दही-साखर ठेवली. हातावर दही घेऊन निघालेला माणूस अर्ध्यातून परत फिरत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. तेवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण गळ्यात हार होता, समोर वीसेक माणसं होती आणि मी आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. मी म्हणालो, "साठ दिवस पूर्ण झाल्याशिवाय या घराचा उंबरा ओलांडणार नाही!" टाळ्या पडल्या. सुमन तोवर बसमध्ये जाऊन बसली होती, त्यामुळे तिने टाळ्या वाजवल्या की नाही ते मला दिसलं नाही.

तेविसाव्या दिवशी संध्याकाळी आम्ही आठाच्या गाठीत येऊन पोचलो. तुळजापूरपासून पावसाची झड लागली होती. बायपासवर माझ्या ओळखीच्या एका माणसाचं मंगल कार्यालय आहे. चातुर्मासात लग्नं नसल्यामुळे आवार रिकामंच होतं. तिथं बस लावली. पुढचा दिवस विश्रांतीचा होता.

सकाळी साडेसहा : विश्रांतीस प्रारंभ

हा मथळा मी आत्ता गंमत म्हणून दिलेला नाही. बसच्या दाराला आतून चिकटवलेल्या माझ्या वेळापत्रकात तो तसाच होता. विश्रांतीच्या दिवसासाठी मी नऊ कामं लिहिली होती आणि त्यांपैकी 'विश्रांती' हे एक होतं.

प्रत्यक्षात साडेसहाला मी पलंगाच्या कडेला उभा राहून छताकडे बघत होतो. पॅनेल बसवण्यासाठी छताला मी स्वतः आठ भोकं पाडली होती. सात उत्तम होती. आठव्यातून पाणी येत होतं आणि ते बरोबर उशीवर पडत होतं. चौतीस वर्षं जायकवाडीच्या दरवाजांची गळती मिलिमीटरमध्ये दाखवलेल्या माणसाने भोकाखाली चहाचं पातेलं धरलं होतं. फोमची गादी तोवर इतकं पाणी प्यायली होती, की कोपऱ्यावर गुडघा टेकला तर दुसऱ्या कोपऱ्यातून धार लागायची.

ही फोमची गादी माझी निवड. निघताना सुमनला घरची कापसाची गादी घ्यायची होती. समोरच्या जाधवांचं पैठणकडे शेत आहे. त्यांच्या शेतातला कापूस आणून तिने ती गल्लीत बसून पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली. मी तागडी आणून गादी तोलली, अकरा किलो भरली आणि मी ती वजनाच्या कारणावरून नामंजूर केली. फोमची तीन किलोची होती. आता तिचं वजन बघायला तागडी नव्हती, हे एक बरंच होतं.

"अहो, ऐका," सुमन खुर्चीतून म्हणाली. आवाज अगदी शांत होता, म्हणून मी सावध झालो. "दोन रात्री मी या खुर्चीत बसून काढल्यात. संध्याकाळपर्यंत मला झोपायला कोरडं अंथरूण मिळालं, तर मी पुढं येते. नाही मिळालं, तर मी इथं उतरते. वरचं वर्तुळ तुम्ही एकटे काढा."

"अगं, पण..."

"चिडून नाही म्हणत. खरंच सांगते."

ती खरंच चिडली नव्हती. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने मला अशी मुदत पहिल्यांदाच दिली होती. मी एकट्याने राजस्थानात बस चालवतोय, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. शेजारची सीट रिकामी, आणि पुढच्या वळणावर "अहो, ट्रक!" म्हणून ओरडणारं कोणी नाही.

सकाळी साडेआठ : स्थानिक लोकांशी संवाद

मंगल कार्यालयाचे वॉचमन बाबूभाई छत्री घेऊन बसभोवती एक चक्कर मारून आले. पावसाने पांढरा रंग जागोजागी धुवून निघाला होता आणि खालून पिवळा दिसायला लागला होता.

"शूटिंग की गाडी है क्या साब? व्हॅनिटी?"

"नाही हो, आम्ही प्रवासाला निघालोय."

"अच्छा. घर किधर है आपका?"

या प्रश्नाचं उत्तर तेवीस दिवसांत मी पन्नास वेळा छाती फुगवून दिलं होतं. गोकर्णात सांगितलं, हुबळीत सांगितलं, विजापूरच्या पंक्चरवाल्याला तर नकाशा काढून दाखवला. इथं मात्र बोट दाखवलं असतं तर पाण्याच्या टाकीपलीकडे आमच्या गच्चीचा कठडा जवळजवळ दिसला असता.

"लांब आहे," मी म्हणालो.

बाबूभाईंनी वाकून नंबरप्लेट वाचली. "पासिंग तो इधरकीच है."

मी विषय बदलून गादीकडे नेला. जेवणाच्या हॉलमध्ये पसरून वाळेल का, असं विचारलं. त्यांनी फोमला दोन बोटं लावली, ती बोटं विजारीला पुसली आणि माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं. "नै साब. ये सुखने को दिवाली लगती."

मग मी आत जाऊन गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोजचा वृत्तांत टाकला. रोज सकाळी तो टाकायचा माझा नेम होता, आणि आज खरं लिहिणं शक्य नव्हतं. 'दिवस चोविसावा. मुक्काम सोलापूर. विश्रांती. हवा ढगाळ.' पाच मिनिटांत उत्तरं आली. जाधवांनी विचारलं, 'सोलापूरला पाऊस हाये का? इथं तर लई झड.' मी लिहिलं, 'किरकोळ.' जाधववहिनींनी लिहिलं, 'येताना शेंगाचटणी आणा.' मी अंगठा पाठवला. सगळ्यांना पटलं म्हणून मी इतका खूश झालो, की हातातलं पातेलं कलंडलं.

"मी ताडपत्री आणायला गुलमंडीत जातोय," मी सुमनला सांगितलं. "तू पड जरा."

"कशावर?" तिने विचारलं. मी घाईघाईने रेनकोट चढवला.

सकाळी साडेदहा : बाजारहाट

परगावी गेलं की मी बाजार बघतोच. स्वतःच्या गावचा बाजार परगावासारखा बघायची वेळ प्रथमच आली होती. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मी बसमधलं हेल्मेट डोक्यावर चढवलं होतं. ते मी कशासाठी बरोबर घेतलं होतं कोण जाणे, आमच्याकडे दुचाकी नव्हती. रिक्षात बसताना रिक्षावाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या चालवण्याविषयी त्याला थोडं वाईट वाटलं असावं, कारण सगळा रस्ता तो अगदी हळू गेला.

गुलमंडीत गुडघाभर नाही, पण घोट्यापर्यंत पाणी होतं. कापडवाल्यांनी साड्यांचे गठ्ठे वरच्या फळ्यांवर चढवले होते आणि गिऱ्हाईक नसल्यामुळे सगळे दारात बसून पावसावर बोलत होते. मी ताडपत्रीच्या दुकानात शिरलो आणि रात्री काढलेला छताचा आराखडा काउंटरवर पसरला. त्यात उतार, पॅनेल, आठही भोकं क्रमांकासह दाखवली होती.

दुकानदाराने आराखडा बघितला, हेल्मेट बघितलं. "काका, ताडपत्री घ्यायलेत का पूल बांधायलेत?"

"माप अचूक हवं."

"ताडपत्रीला कसलं माप? बारा बाय अठरा घ्या, उरंल ती दुमडा." मग मी आठव्या भोकाची हकीकत सांगितली. तो म्हणाला, "वरून झाका, नका झाकू, गादी तर भिजली ना? ती आता वाळत नसते. घरची दुसरी गादी नाय का?"

एखाद्याने सहज पाठीत धपाटा घालावा तसं झालं. घरची दुसरी गादी! अकरा किलोची, कापसाची, वरच्या खोलीतल्या पलंगावर, उंच आणि कोरडी. दोन किलोमीटरवर! फक्त ती आणायची तर उंबरा ओलांडावा लागणार होता. किल्ली जाधववहिनींकडे होती, त्यांच्याकडून मागून घ्यावी लागणार होती, आणि मी तर सोलापुरात होतो.

चोरी करायची, असं मी गुलमंडीच्या पाण्यात उभं राहून ठरवलं. माझ्याच घरी, माझ्याच गादीची. ताडपत्री घेतली. शेजारच्या किराणा दुकानात सोलापुरी शेंगाचटणी दिसली, तीही दोन पाकिटं घेतली. प्रत्येक पाकिटावर दुकानाचा जांभळा शिक्का होता, गुलमंडी असा ठळक. तो मी नखाने खरवडायचा प्रयत्न केला, पण निघाला नाही.

दुपारी एक : विश्रांती

आमची गल्ली पुंडलिकनगरात आत, तिसऱ्या वळणावर आहे. रिक्षा मी कोपऱ्यावरच सोडली. डोक्यावर हेल्मेट, अंगात रेनकोट, काखेत ताडपत्रीची गुंडाळी. मला स्वतःला वाटत होतं की मी महावितरणचा माणूस दिसतोय.

जाधव फाटकाशी छत्री धरून गटारातला पालापाचोळा काठीने काढत होते. मी दहा पावलांवर आलो तेव्हा त्यांनी वर पाहिलं. पुढच्याच क्षणी ते वळले आणि स्वतःच्या कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंत साधी होती, विटांची, त्यांनी रोज पाहिलेली. तरी ते एक-एक वीट मोजत असल्यासारखे निरखत होते. मी मनात म्हणालो, वा, हेल्मेटने काम केलं.

पण गल्लीतला मोत्या हेल्मेटने फसला नाही. तो जिन्याखालून उठला, शेपटी हलवत आला आणि माझ्या पायांत घुटमळायला लागला. मी त्याला हळूच "हाड" म्हणालो. तो अजूनच खूश झाला.

"ए मोत्या, इकडं ये," जाधव भिंतीकडेच बघत म्हणाले. "त्या माणसाला तू वळखत नाय."

तेवीस दिवस आम्ही जिथं जिथं बस लावली तिथं लोक टक लावून बघायचे. कोकणात तर एक आजोबा खिडकीतून डोकं आत घालून आमच्या डाळीला फोडणी कसली आहे ते विचारत होते. आपल्याकडे माणसाला न बघण्याचीही एक रीत आहे आणि तीही मनापासून पाळली जाते, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या वेळीही आलं नाहीच. शेजारच्या खिडकीचा पडदा मी जाताना ओढला गेला, पलीकडच्या जिन्यावरची दोन माणसं मी जाताना एकदम आभाळाकडे बघायला लागली, आणि मी आपला माझ्या वेषांतराचं कौतुक करत मागच्या बोळात शिरलो.

मागच्या दाराची कडी फटीतून पट्टी घालून वर उचलता येते. स्टीलची फूटपट्टी माझ्या खिशात कायम असते. पण पट्टी घालायची वेळच आली नाही. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत मोरीत पाणी सांडलेलं. फरशीवर ओल्या पावलांचे ठसे. घरात कोणीतरी शिरलं होतं.

मी हेल्मेट काढलं नाही. ओट्यावरचं लाटणं घेतलं. ओट्यावर झाकून ठेवलेलं दुधाचं पातेलं आणि ताटाखाली भाकरी-पिठलं होतं. चोराने स्वयंपाकही केलेला दिसत होता. मी जिन्याने वर गेलो. जिन्यात बायकी चपला होत्या, उजवीचा अंगठा दोऱ्याने शिवलेला. या चपला आपण कुठंतरी पाहिल्यात, असा विचार मी खरोखर केला. गोकर्णच्या देवळाबाहेर तो अंगठा मीच शिवला होता.

वरच्या खोलीत, कापसाच्या गादीवर, सुमन झोपली होती.

न्हालेले केस उशीवर पसरले होते, गोधडी छातीपर्यंत ओढलेली, तोंड किंचित उघडं. ती घोरत होती. हळू, सावकाश, भरल्या पोटाने घोरतात तसं. लाटणं हातात धरून मी दारात उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं, की तेवीस दिवसांत मी तिला एकदाही असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. पहाटे पाचला मी गजर लावायचो, आणि मी उठायच्या आधी ती चहा ठेवून बसलेली असायची. फोटोंत ती सगळीकडे हसतेय. मी फोन वर धरला की ती हसायची, आणि ती हसली की मला वाटायचं, प्रवास छान चाललाय. डोळ्यांखालची काळी वर्तुळं एकाही फोटोत मला दिसली नाहीत. मी वर्तुळं काढण्यातच आयुष्य घालवलेला माणूस! मला लाज वाटली. नुसती लाज नाही, भीतीही वाटली, की आणखी छत्तीस दिवस मी असाच पुढं बघत बस चालवली असती.

गादी घेऊन जाण्याचा प्रश्नच नव्हता. मी हेल्मेट काढलं आणि आवाज होऊ नये म्हणून ते मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसलो. बाहेर झड चालू होती. वेळापत्रकाप्रमाणे दुपारी एक ते दीड विश्रांती होती. ती साडेपाचपर्यंत लांबली.

संध्याकाळी सहा : पुढील प्रवासाची तयारी

तिने डोळे उघडले, मला पाहिलं, मग लाटण्याकडे आणि हेल्मेटकडे पाहिलं.

"तुम्ही इथं कसे?"

"गादी चोरायला आलो होतो."

"कुठली?"

"तुझ्या अंगाखालची."

ती इतकी हसली की तिला खोकला आला. मी खाली जाऊन चहा करून आणला. पातेलं लागलं, चहा उतू गेला, तरी तिने तो प्यायला. मग मी जे बोलायचं ठरवलं होतं ते बोलून टाकलं. "सुमन, पुरे झालं. आपण इथंच थांबू. मी ग्रुपवर लिहितो, की माझ्याच्याने नाही झालं. काय हसायचं ते हसू देत."

"मला प्रवास नको, असं मी कधी म्हटलं?" ती म्हणाली. "मला झोप हवी होती. तुम्ही मला चौदा देवळं दाखवलीत, सहा किल्ले दाखवलेत. झोपायला एक दुपार दाखवली नाहीत."

मी तिच्या हातातला रिकामा कप घेऊन खाली ठेवला.

"आणि लिहिणार कोणाला?" ती पुढे म्हणाली. "सगळ्यांना माहीत आहे. जाधवांचा मुलगा काल कंपनीतून येताना बायपासवर बस बघून आला. असली बस दुसरी आहे का शहरात? तुम्ही गुलमंडीला गेलात आणि मी रिक्षा करून आले. जाधववहिनी किल्ली हातात घेऊनच दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, 'मी काय तुमाला बघितलं नाय बाई. दूध-भाकर ओट्यावर ठिवते. झोपा निवांत.' स्वतः पुढून आत गेल्या आणि मागच्या दाराने सोडलं मला. तिथं उंबरा नाही ना."

मग मला भिंत आठवली, पडदा आठवला, आभाळाकडे बघणारी माणसं आठवली. सकाळचं 'सोलापूरला पाऊस हाये का' आठवलं. मी सुमनला सगळं सांगितलं, मोत्यासकट. कान गरम झाले होते. मी फोन उघडला आणि खरं काय ते लिहायला घेतलं. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"नका लिहू. सकाळपासून अख्खी गल्ली तुम्हाला न बघण्यासाठी झटतेय. जाधवभाऊजी पावसात भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांच्या मेहनतीवर पाणी का ओतता?"

म्हणून तिनेच सांगितलं आणि मी लिहिलं : 'दिवस चोविसावा, संध्याकाळ. अजून सोलापुरातच. पाऊस आहे. कोरडी गादी मिळाली.' खाली जाधववहिनींचं उत्तर आलं, 'सोलापूरची माणसं लई चांगली असतात म्हणे.'

"मग उद्या निघायचं?" मी भीतभीतच विचारलं.

"परवा. उद्या मी दिवसभर झोपणार आहे. आणि ही गादी बरोबर येणार, अकरा किलो वजनासकट."

"साठाचे एकसष्ट होतील."

"होऊ देत," ती म्हणाली, आणि तिन्हीसांज झाली म्हणून उठून देवापाशी दिवा लावायला गेली. जाता जाता हाताच्या सवयीने तिने पुढच्या दाराबाहेरच्या ओट्यावरच्या दिव्याचंही बटण दाबलं.

दोन मिनिटांत फोन वाजला. जाधवांचा मेसेज होता, या वेळी ग्रुपवर नाही, फक्त मला : 'साहेब, तुमच्या सोलापूरचा ओट्यावरचा दिवा चालू राहिलाय. इथून दिसतोय.'

मी बटणापाशी गेलो. बोट ठेवलं. आणि मग बंद न करताच पुढचं दार उघडलं. शेंगाचटणीचं एक पाकीट घेतलं, उंबरा ओलांडला, आतून बाहेर का होईना, आणि हेल्मेटशिवाय, रेनकोटशिवाय गल्ली पार करून समोरची बेल दाबली.

दार जाधवांनी उघडलं. क्षणभर त्यांची मान दुपारसारखी भिंतीकडे वळायला लागली होती. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, दिव्याच्या उजेडात धरून जांभळा शिक्का नीट वाचला.

"कोण हाये हो?" आतून वहिनींनी विचारलं.

"कोण नाय," जाधव मोठ्यांदा म्हणाले, आणि दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे सरळ पाहिलं. "सोलापूरहून चटणी आलीया. दोन कप च्या टाक, साखर जास्त. लांबून आलीया, दमली असंल."